दुसऱ्या आंघोळीचा पक्षी

अण्णाकाकांनी आंघोळ केली की तो यायचा. सकाळच्या आंघोळीला नव्हे, दुसऱ्या. आता माणूस दिवसातून दुसऱ्यांदा आंघोळ कधी करतो? स्मशानातून आला तर. किंवा २०२० सालच्या एप्रिलमध्ये रेशनच्या दुकानातून आला तर.

मी तिथे कसा अडकलो ते आधी सांगून टाकतो. गुहागर तालुक्यात आमचं गाव. शिमग्याची पालखी घरी येते म्हणून १८ मार्चला चार दिवसांची रजा टाकून पुण्याहून गेलो. पालखी नाचवतानाचे फोटो काढायचे होते, म्हणून बरोबर कॅमेरा आणि सत्तर-तीनशेची जुनी लेन्स. पालखी काही आली नाही. गावकीने बैठक घेऊन देवाला देवळातच थांबवलं. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या (काकूने वाजवली नाही, 'पोचे कोण काढणार?' म्हणाली), आणि २५ तारखेला, ऐन गुढीपाडव्याला, देशाला कुलूप लागलं. माझ्याकडे चार दिवसांचे कपडे होते. त्यातलेही दोन पालखीसाठी आणलेले झब्बे.

शिवाय मी पुण्याचा. गाव एरवी पुणेकराला नुसता टोमणा मारतं, त्या वर्षी त्याने चौदा दिवस घराच्या आवाराबाहेर पाऊल टाकू नये असा निरोपच आला. वेशीवर पोरांनी फणसाचा ओंडका आडवा टाकला होता आणि त्यावर बसून पत्ते खेळत ती गावाचं रक्षण करत होती. तेव्हा माझं जग म्हणजे पुढचं अंगण, मागचं परस आणि मधलं घर.

ऑफिसचं काम घरून करायचं होतं. पण घरात रेंज नाही. ओटीवर नाही, माडीवर नाही, आंब्यावर चढलो तरी नाही. अख्ख्या आवारात दोन कांड्या रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी: परसात, न्हाणीच्या मागच्या कोपऱ्यात. एका बाजूला पाणचुलीचा धूर, दुसऱ्या बाजूला अळवाचं बन आणि मध्ये पाटावर मी. ऑफिसातल्या मंडळींना वाटायचं, माझ्यामागे निसर्गरम्य हिरवा पडदा लावलाय. प्रत्यक्षात ते न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू होतं.

तिथेच त्याला पहिल्यांदा पाहिलं. दुपारचे चार वाजलेले, साहेब तिमाहीचे आकडे समजावून सांगत होते. आत अण्णाकाका रेशनवरून येऊन आंघोळीला बसलेले. त्यांची आंघोळ म्हणजे एकेक तांब्या आणि प्रत्येक तांब्याला स्तोत्राचा एक चरण. न्हाणीचं पाणी पोफळीच्या पन्हळीतून थेंब थेंब अळवात पडत होतं, त्याचं हातभर डबकं साचलं होतं. आणि केळीच्या दांड्यावरून काहीतरी पांढरंशुभ्र खाली झेपावलं, छातीने पाण्यावर आपटलं, परत वर गेलं. मागे फूटभर लांब दोन रिबिनी हवेत तरंगत राहिल्या.

स्वर्गीय नर्तक. पूर्ण वाढ झालेला नर. काळंशार डोकं, त्यावर तुरा, डोळ्याभोवती निळं कडं आणि बाकी सगळा पांढरा. मध्य प्रदेशाने याला राज्यपक्षी केलंय, तिकडे तो दूधराज. कॅमेरा घेतल्यापासून सहा वर्षं मी या पक्ष्यामागे आहे. पहाटे उठून सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यात बसलोय, ओळखीच्यांनी 'काल होता' म्हणून दाखवलेल्या किमान अकरा रिकाम्या फांद्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. आणि तो इथे, आमच्या अण्णांच्या आंघोळीच्या पाण्यात डुबक्या मारत होता. मी "अरेच्चा!" म्हणून उठलो. आवाज चालू राहिलेला. साहेब म्हणाले, आकडे खरंच धक्कादायक आहेत.

रात्री जेवताना मी ही बातमी फोडली. काकू ताकाला फोडणी देत होती, तिने मानसुद्धा वळवली नाही.

"लांबशेपट्या होय? दर वर्षी येतो तो. तुला आत्ता दिसला?"

"दर वर्षी? मग सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगायचं त्यात? मांजर पण येते दर वर्षी वेतायला."

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. पहिली अडचण अशी की डबकं टिकत नाही. सकाळच्या आंघोळी साडेपाचला, अंधारात उरकायच्या. ते पाणी सात वाजेपर्यंत अळू पिऊन टाकायचं. लांबशेपट्याला दुपारच्या उन्हाने तापल्यावर पाणी हवं. मी शास्त्रशुद्ध उपाय केला, मातीचं परळ भरून केळीखाली ठेवलं. तासाभरात एक कावळा आला, त्याने कुठून तरी आणलेला भाकरीचा तुकडा त्यात भिजत घातला आणि मऊ व्हायची वाट बघत शेजारी बसून राहिला. लांबशेपट्याने परळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. याला साचलेलं पाणी नको होतं, पडतं पाणी हवं होतं. टप टप आवाज आला की पक्षी ओढले जातात, हे खरंच आहे.

मग मी स्वतः न्हाणीत जाऊन बादली ओतून आलो. भस्सकन पाणी गेलं, पन्हळीवरून उडी मारून सरळ केळीत. अण्णांसारखं तांब्या तांब्याने ओतायचं तर आत एक माणूस हवा आणि बाहेर कॅमेऱ्याला एक. वर तिसऱ्या बादलीला काकूने पकडलं. "विहिरीचा तळ दिसायला लागलाय एप्रिलात, आणि हा शिंचा अळवाला आंघोळी घालतोय!"

राहता राहिले अण्णा. बाहेरून आलं की घरात शिरायच्या आधी आंघोळ, हा त्या दिवसांतला नियम अण्णांइतका कोणीच मनावर घेतला नसेल. निवृत्त मास्तर, नियम दिसला की डोळे चमकतात. पासष्टीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये असं सरकारने सांगितलं होतं. अण्णा त्रेसष्टचे, आणि हे ते वाटेत भेटेल त्याला सहा फुटांवरून ऐकवत. आले की मागच्या दाराने थेट न्हाणीत. कपडे सोड्याच्या बादलीत. पिशवी उन्हात. सुट्टे पैसे साबणाच्या पाण्यात. आणि नोटा धुऊन, चिमट्यांनी दोरीवर वाळत.

म्हणजे फोटो हवा तर अण्णा बाहेर जायला हवेत. घरातल्या जिनसा कधी संपतात यावर मी बारीक नजर ठेवू लागलो. पुढेपुढे संपण्याची वाटही पाहवेना. "काकू, हिंग कमी वाटला आमटीत, संपत आलाय का?" "अण्णा, चहा पावडर तळाशी गेली बघा." एकदा काडेपेटी मी शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो आणि घरभर तिची शोधाशोध करायला सगळ्यांना मदतही केली. गावातलं दुकान दुपारी दोन तास उघडायचं. अण्णा तोंडाला पंचा बांधून निघाले की माझ्या पोटात फुलपाखरं नाही, चांगले लांबशेपटे उडायचे. रोगाच्या काळात सख्ख्या काकाला निव्वळ फोटोपायी बाजारात पाठवणं बरं नव्हे, हे कळत होतं. पण वाटेवर कोणी नसायचं आणि अण्णा खूश असायचे, असं मी मनाला समजावत असे.

अण्णांची आंघोळ साधारण वीस मिनिटं. त्यातल्या बाराव्या-तेराव्या मिनिटाला तो यायचा, म्हणजे स्तोत्र फलश्रुतीवर आलं की. आधी दयाळ येऊन पाणी बघून जाई, मग बुलबुलांचं जोडपं, मग हा. एकूण तीन किंवा चार डुबक्या. एक डुबकी म्हणजे निम्मा सेकंद. बाकी वेळ केळीच्या दांड्यावर, तोही टिकून नाही. मध्येच डास दिसला की झेप.

आता फोटोबद्दल. पोफळी, केळी आणि फणस यांच्याखाली दुपारी चारलासुद्धा संध्याकाळ असते. एवढ्याशा उजेडात शटर साठाला एक, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, ठेवलं तर लांबशेपट्याचा धूर दिसतो. हजाराला एक ठेवलं तर सगळी अमावास्या. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ताणून बत्तीसशेला नेला, तेव्हा फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे आले. त्यातून पक्षी पांढरा आणि मागचं सगळं काळं. कॅमेरा बिचारा सरासरी काढतो. त्याला वाटतं फार अंधार आहे, म्हणून तो सगळंच उजळवतो आणि पक्ष्याच्या जागी ट्यूबलाइट पेटते. ते जमवायला आठ दिवस गेले. मग ऑटोफोकस. माझ्या लेन्सला अळू इतकं आवडायचं की काय सांगू. पक्षी अळवाच्या पुढे असो, मागे असो, वर असो, ती जाऊन अळवाच्या पानावर बसायची. महिनाअखेर माझ्याकडे अळवाच्या पानांचे सव्वादोनशे उत्कृष्ट फोटो होते. शिरा न् शिरा स्वच्छ. काकू म्हणाली, "एवढ्या वेळात वड्या झाल्या असत्या."

एकदा मात्र सगळं जुळलं. फोकस, उजेड, पक्षी सरळ समोर, शेपटीचा डौलदार बाक. घरात येऊन मोठा करून पाहिला. लांबशेपट्याच्या मागे, सुरेख धूसर होऊन, दोरीवर अण्णांची चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, दहाच्या तीन नोटा आणि पन्नासची एक. पन्नासची नवी, फिरोजी निळी. रंगसंगती म्हणून वाईट नव्हती, पण वन्यजीव छायाचित्र म्हणून कुठे पाठवणार?

"काकू, ती दोरी दोन दिवस पुढच्या अंगणात बांधशील?"

"पुढच्या अंगणात? येणाऱ्याजाणाऱ्याला चड्ड्या दाखवू?"

"येतंय कोण जातंय कोण? लॉकडाऊन आहे."

"मग तुझे फोटो तरी बघायला कोण येतंय?"

याला उत्तर नव्हतं. दोरी तिथेच राहिली. मी पाट दीड हात डावीकडे सरकवला. तिथे नेमका पाणचुलीचा धूर आणि डासांचा मुख्य मार्ग लागला. अंगावर पांघरायला काहीतरी हिरवं हवं म्हणून आजीचं एक जुनं लुगडं ट्रंकेतून काढलं, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं. ते डोक्यावरून घ्यायचं, पदरातून लेन्स बाहेर. काकूला बजावून ठेवलं, चहा आणलास तर जवळ येऊ नकोस, पक्षी बिथरतो. लांब त्या धोंड्यावर ठेव आणि मागल्या पावली जा.

आता हे दृश्य गडग्यापलीकडून, म्हणजे शेजारच्या आवारातून, बघा. पुण्याहून आलेला पुतण्या. रोज दुपारी न्हाणीच्या मागे एकटा बसवलेला. डोक्यावरून पांघरूण. चुलती येते, लांबूनच कप ठेवते, पळते. मध्येमध्ये खोकल्याची उबळ (ती धुराची). आणि घरातला कर्ता माणूस सारखा आंघोळी करतो.

चौथ्या दिवशी आशाताई आल्या. हातात वही, तोंडाला रुमाल, मागे पोलीस पाटील. गडग्यापलीकडे वहिनी दाण्याच्या शेंगा सोलण्याच्या निमित्ताने उभ्या होत्या. उभ्याने शेंगा सोलणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आत अण्णांचा सहावा की सातवा तांब्या चालला होता, म्हणजे माझी निर्णायक वेळ. मी हलू शकत नव्हतो.

"किती दिवस झाले याला इथे ठेवून?" आशाताईंनी दहा फुटांवरून काकूला विचारलं.

"ठेवलाय कुठे? आपला आपणच बसलाय."

"ताप आहे का?"

मी कुजबुजत नाही म्हटलं.

"आवाज गेलाय," त्यांनी वहीत लिहिलं. "घसा दुखतो?"

मी ओठांवर बोट ठेवून मान हलवली. तेवढ्यात धूर आला. मी तोंड दाबून जितकं हळू खोकता येईल तितकं खोकलो. पाटील दोन पावलं मागे गेले, वहिनींच्या सुपातल्या शेंगा सांडल्या.

"श्वास लागतो का?"

"पक्षी आला की लागतो," मी खरं ते सांगितलं.

आशाताईंनी पेन थांबवलं. या बाईचं मला आजही कौतुक वाटतं. गेले तीन आठवडे उन्हातान्हात घरोघर हेच प्रश्न विचारत हिंडत होत्या, घोटभर पाणीही कुणाच्या घरचं घेता येत नव्हतं आणि मधूनच माझ्यासारखा नमुना भेटत होता. त्या वैतागल्या नाहीत. "कुठला पक्षी?" त्यांनी विचारलं.

आणि तो आलाच. पाटलांच्या बरोब्बर मागे, केळीच्या दांड्यावर, पूर्ण उजेडात. झावळ्यांतून एक कवडसा पडला होता, नेमका त्यात. मी सहा वर्षांचा श्वास रोखून लुगड्यातून कॅमेरा वर उचलला.

"ए, शूटिंग नाही! शूटिंग करायचं नाही!" पाटील ओरडले आणि पंजा पसरून लेन्ससमोर आले.

लॉकडाऊनमध्ये मी काढलेला सगळ्यात स्पष्ट फोटो तो. पोलीस पाटलांचा तळहात. आयुष्यरेषा मनगटापर्यंत गेलेली, चांगली खोल. धनरेषा मधे तुटलेली. पक्ष्याच्या शेपटीचं टोक करंगळी आणि अनामिका यांच्यामधून दिसतं, पण ते मी सांगितल्यावर.

न्हाणीतून अण्णा ओलेत्याने पंचा गुंडाळून बाहेर आले, काय गलका म्हणून. मग सगळा खुलासा झाला. आशाताईंनी 'लक्षणे नाहीत' लिहिलं, आणि जाताना मला म्हणाल्या, "दादा, तो आमच्या शाळेमागच्या पऱ्यावर पण येतो. ढोरं पाण्यावर आली की." म्हणजे याची खबर आख्ख्या गावाला होती आणि मीच काय तो सिंहगडाच्या पायथ्याशी उकिडवा बसत होतो.

त्या प्रसंगानंतर अण्णांना शंका आली. सात दिवसांत तीनदा साखर? त्यांनी काकूच्या डब्यांची तपासणी केली. फडताळामागे दोन किलो साखर, हिंगाच्या तीन डब्या, काडेपेट्या अगणित. मास्तरांच्या आवाजात त्यांनी मला हाक मारली. मी कबुली दिली. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"म्हणजे मी स्तोत्र म्हणतो ते तो ऐकायला येतो?"

मला ते मोडवेना. "तसंच दिसतंय," म्हटलं.

त्या दिवसापासून ते स्वतःहून दुपारी चारला न्हाणीत जाऊ लागले, बाजार असो वा नसो. विहिरीवरून काकूची कटकट झाली तर सकाळची आंघोळ कमी पाण्यात उरकत. पण आता ते ऐकणाऱ्यासाठी म्हणत होते, तेही खड्या आवाजात, आणि मध्येच न्हाणीच्या जाळीतून डोकावून "आला का?" असं विचारत. अर्थातच तो येईनासा झाला. सलग पाच दिवस दयाळसुद्धा आला नाही. माझ्या कॅमेऱ्यात त्या काळातले फोटो आहेत ते जाळीतून दिसणाऱ्या अण्णांच्या एका डोळ्याचे.

२६ एप्रिलला अक्षय तृतीया होती. घरात आंब्याची अढी लागली होती. मुंबईला जायच्या पेट्या अडल्या होत्या, म्हणून वाडीतले सगळे एकमेकांना हापूस वाटत होते आणि घेणाऱ्याच्या घरी आधीच हापूस. त्या दिवशी अण्णांचा गुडघा धरला. काकूला पूजेचा नारळ फोडून झाल्यावर आठवलं की वेलची नाही. या वेळी खरंच नव्हती. मी लपवलेल्या मालात वेलची घ्यायला विसरलो होतो. माझे चौदा दिवस कधीच उलटले होते. अण्णांनी नाइलाजाने पिशवी माझ्या हातात दिली, नोटा कशा धरायच्या ते शिकवलं, आणि जवळजवळ सव्वा महिन्याने मी आवाराबाहेर पडलो. ओंडक्यावरच्या पोरांनी पत्ते खाली ठेवून मला जाऊ दिलं.

वेलची घेऊन आलो. मागच्या दारात काकू उभीच होती. "घरात पाऊल नको. आधी न्हाणी."

कॅमेरा माडीवर, कपडे सोड्याच्या बादलीत, चष्मा साबणाच्या पाण्यात. मला चष्मा उणे साडेचारचा. तो काढला की काकू आणि खांब यांतला फरक मी आवाजावरून ओळखतो. स्तोत्र मला येत नाही. मी आपला गुणगुणत, विहिरीची आठवण ठेवून, तांब्या तांब्याने पाणी घेत होतो. पन्हळीतून थेंब पडायला लागले.

बाहेरून काकूचा दबका आवाज आला. काकू दबक्या आवाजात बोलते हे मला माहीत नव्हतं.

"अरे, आलाय. जाळीच्या समोर बसलाय, अळवावर. हातभर अंतर असेल. आणि एक नाही, तांबडी बायको पण आहे बरोबर. दिसतंय का?"

डोळ्यांत साबण. मी जाळीला नाक लावलं. हिरव्या अंधारात एक पांढरा फराटा होता, कडा नसलेला, थोडा हललेला, मध्येच पेटल्यासारखा. माझ्या सगळ्या फोटोंत दिसतो तसाच.

"दिसतंय," मी म्हटलं.

"मग थांबू नको. पाणी ओत."